साडूच्या डोक्याचा फोटो

१९९५ साल. मला बासष्ट वर्षं पुरी झालेली. त्या साली माझ्या साडूला मुंबईला नेलं आणि त्याच्या डोक्याचा रंगीत फोटो काढला. माझा काढला नाही. आजार दोघांना एकाच वर्षी लागला होता, डॉक्टर एकच होते, गोळी एकच होती. फोटो मात्र त्याचा निघाला.

मी चौथी शिकलेला माणूस. आम्ही घरात अहिराणी बोलतो, लिहितो मात्र शाळेत शिकलो तसं. गाव पांझरेच्या काठी, धुळ्याहून बसनं तासाभरावर. नदीवर जुना दगडी बंधारा आहे, त्यातून पाट निघतो आणि पाटाच्या पाण्यावर गावाचे फड भिजतात. फड म्हणजे बऱ्याच जणांच्या शेतांचा मिळून एक पट्टा, त्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी मालकानं आपल्या हातानं घ्यायचं नाही, ते सगळ्यांनी नेमलेला माणूस देतो. त्याला बारेकरी म्हणतात. बत्तीस वर्षं तो बारेकरी मी होतो. पाटील असो की कोणी, त्याचा गहू माझ्या फावड्याशिवाय भिजत नव्हता. शेतात न उतरता, पाटाच्या काठावरून नुसता रंग पाहून मी सांगायचो की कुठल्या कोपऱ्याला पाणी पोचलेलं नाही. हे मला कोणी शिकवलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून होता. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे, आमचे सासरेसुद्धा. मला ते 'बारेकरी' म्हणायचे. सासर नशिराबादचं. त्या घरात एक शिसवी चौरंग होता, पितळी फुलं ठोकलेला. जावई जेवायला बसले की चौरंगावर थाळी भाऊसाहेबाची आणि माझी थाळी जमिनीवर. कोणी मुद्दाम करत नव्हतं. चौरंग एकच होता आणि थोरला जावई तो होता, एवढंच. पण मी पस्तीस वर्षं ते पाहिलं. सासरे गेल्यावर घरातली भांडीकुंडी वाटली, तेव्हा मी सांगितलं, मला काही नको, तो चौरंग द्या. शालक हसला, पण दिला. तेव्हापासून माझ्या घरी माझी थाळी रोज त्या चौरंगावर. बायको म्हणायची, "भाजी तीच शे, वर ठेवी काय गोड व्हई?"

मग आजार आला. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं आपोआप हलायला लागली, तळहातावर तंबाखू मळतो तशी. गावातली माणसं फसायची. मी पारावर बसलो की शेजारचा हात पुढं करायचा, "नाना, माले बी चिमूटभर." हातात काहीच नसायचं. पाय जड झाले, पाऊल छोटं झालं. तिकडं साडूचा हात हलत नव्हता, पण तोही हळू झाला, काठीसारखा ताठ झाला, चेहरा गप्प झाला. दोघांनाही धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तीच गोळी दिली. नशिराबादेत सगळे म्हणायला लागले, दोन्ही साडूंना एकच वारं लागलं. खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा आम्ही एका पंगतीत बसलो होतो.

मला गोळी लागू पडली. महिनाभरात हात मोकळा झाला, फावडं पुन्हा पहिल्यासारखं चालायला लागलं. साडूला काही फरक पडला नाही. तो उभ्या उभ्या मागच्या मागं पडायचा, ठेच नाही, धक्का नाही. मग डॉक्टरांनी मुंबईला फोटो काढायची चिठ्ठी दिली आणि तिथं नोकरीला असलेला त्याचा मुलगा त्याला घेऊन गेला.

त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे नशिराबादेत जमलो. खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, लेकीबाळींचे झोके, सगळं होतं. पण कोणाचं लक्ष रसाकडं नव्हतं. मुलानं मोठं पाकीट उघडलं आणि आतली काळी फिल्म उजेडाकडं धरली. तिच्यावर टरबुजाचे काप ठेवावेत तसे डोक्याचे काप मांडलेले. लाल, पिवळे, हिरवे, निळे. सगळे उठून गोळा झाले. मुलगा सांगत होता, हातातून सुईनं एक औषध रक्तात सोडतात, माणसाला शांत निजवतात, मग यंत्र डोक्याभोवती सावकाश फिरतं. रक्त जिथं जास्त पोचतं तिथं ते औषध जास्त जातं, तिथं रंग लाल. जिथं कमी तिथं निळा.

"म्हणजे भाऊसाहेबना डोकातलं पानी दिखस," शालक म्हणाला.

"पाणी नाही मामा, रक्त."

"तेच ते."

मी जागचा उठलो नाही. भाऊसाहेब खुर्चीवर बसला होता, मी खाली सतरंजीवर, त्याच्या पायाशीच म्हणा. मी म्हटलं, "काय भाऊसाहेब, मुंबई पाहिली का?" त्यानं उत्तर दिलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. डोळे समोरच्या भिंतीवर. खाली मान करून बघायला त्याला कमीपणा वाटतो, असं मी धरलं. पाच-सहा महिने तो असाच करत होता. मी ओट्यावर बसलेलो असलो की माझ्या डोक्यावरून बघायचा. आता तर काय, डोक्याचा रंगीत फोटो निघालेला माणूस.

परत येताना बसमध्ये बायको थोरल्या बहिणीबद्दल म्हणाली, "अक्कानं नशीब पाहा, कसं शे." ती दुःखानं म्हणाली होती. मी ते तसं ऐकलं नाही.

पावसाळ्यात औषध लिहून घ्यायला डॉक्टरांकडं गेलो तेव्हा सांगितलं, "माझा पण फोटो काढा."

डॉक्टर म्हणाले, "नाना, तुम्हाला त्याची गरज नाही."

"साडूला होती. मला का नाही?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. भला माणूस, बाहेर एवढी गर्दी असून समजावून सांगितलं. हळू चालणं, ताठणं, पाऊल छोटं होणं, हे तीन-चार वेगवेगळ्या आजारांत बाहेरून एकसारखं दिसतं. कोणता कुठला ते सुरुवातीला भल्याभल्यांना कळत नाही. मेंदूच्या कुठल्या भागाला रक्त कमी जातंय हे पाहिलं तर निवड करायला मदत होते. तरी नुसत्या फोटोवर कोणी ठरवत नाही. माणूस कसा पडतो, डोळे कसे फिरतात, गोळीला काय जबाब देतो, हे सगळं जोडून बघावं लागतं. "तुमचा हात हलतो, एका बाजूनं सुरुवात झाली, आणि गोळीनं तुम्ही सुधारलात. तुमचं उत्तर गोळीनंच दिलं. फोटो कशाला?"

हे मला आज समजतं तसं तेव्हा समजलं नाही. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की कारकुनाच्या डोक्याला यंत्र आणि बारेकऱ्याच्या डोक्याला गोळी. बाहेर येऊन मी कंपाउंडरलासुद्धा रामराम केला नाही.

माझ्या डोक्यात एकच बसलं. गोळी काम करते म्हणून फोटो नाही. मग गोळीनं काम केलंच नाही तर?

दिवाळी झाली आणि मी गोळी बंद केली. बायको रोज तीन वेळा हातावर गोळी आणि पाण्याचा गडू द्यायची. मी ती जिभेखाली धरायचो, पाणी प्यायचो, ती आत गेली की गोळी काढून चुन्याच्या डबीत टाकायचो. तिला कळलं नाही. असं करू नये. हे वाचून कोणी करू नका. पण मी केलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी हात पुन्हा तंबाखू मळायला लागला. दहाव्या दिवशी मला अंथरुणात कूस वळता येईना. मी मनात म्हटलं, ठीक चाललंय.

तेव्हा गव्हाची पाळी चालू होती. पाळी म्हणजे एकेका शेताला ठरलेल्या क्रमानं पाणी. सकाळचे दहा वाजले असतील. मी एका शेताचं तोंड उघडून पाटाच्या काठावर उभा होतो. शेत भिजलं, आता तोंड बंद करायचं. पाऊल उचलायला गेलो तर उठेना. पाय जमिनीत रोवले गेल्यासारखे. तोंड चार हातांवर, फावडं हातात, आणि मी उभाच. पाणी भिजलेल्या शेतात शिरत होतं, कोवळा गहू पाण्याखाली जात होता. हाक मारली तर आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही.

शेताचा मालक बांधावरून येत होता. लांबूनच म्हणाला, "काय नाना, पानी सोडीसन तंबाखू मळी राहिनात का?" जवळ आला आणि माझा चेहरा पाहिला. त्यानं माझ्या हातातलं फावडं घेतलं, तोंड बंद केलं, परत आला. मी अजून तिथंच. का कोणास ठाऊक, त्यानं फावडं माझ्या पायांपुढं आडवं टाकलं. ते ओलांडायचं म्हणून पाय उठला आणि मी निघालो. बत्तीस वर्षं ज्या फावड्यानं मी पाणी वळवलं, त्यानं मला वळवलं.

संध्याकाळी फडाच्या पंचांनी बोलावलं. वाईट बोलले नाहीत. "नाना, पुढली पाळी येईपर्यंत बघू. बरं वाटलं तर तुम्ही, नाही तर दुसरा माणूस नेमावा लागेल. तुम्ही पाटात पडलात तर आम्ही वहिनीला काय तोंड दाखवू?"

पुढली पाळी यायला दहा-बारा दिवस होते. अक्कल असलेला माणूस घरी जाऊन आधी गोळी घेतो. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून धुळ्याला डॉक्टरांकडं गेलो, एकटा. बायकोला सांगितलं, पाटाच्या कामाचा अर्ज द्यायचाय.

डॉक्टरांनी माझे हात वाकवून पाहिले. उभं केलं, मागून खांदे धरून ओढलं. मी दोन पावलं मागं गेलो, पडलो नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोळी रोज घेता ना?"

"घेतो."

"तिन्ही वेळा?"

"बायको समोर उभी राहून देते." हे तर खोटं नव्हतं.

बराच वेळ विचार करून त्यांनी मुंबईची चिठ्ठी लिहिली. मी ती पाकिटात घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, बोटभर बाहेर दिसेल अशी. आणि तिथून सरळ साडूच्या घरी गेलो. पाय घासत, भिंतीला हात लावत, पण गेलो. कधी एकदा त्याला ते पाकीट दाखवतो असं झालं होतं.

अक्कानं दार उघडलं. "या नाना, बठा. त्या जेवी राहिनात."

भाऊसाहेब भिंतीला टेकून खाली बसला होता. थाळी समोर जमिनीवर. तो थाळीकडं बघत नव्हता. डोळे सरळ समोर आणि हात खाली चाचपत होता, आंधळ्यासारखा. भाकरीवर हात पडायचा तो वाटीत पडला, बोटं वरणात बुडाली. सदऱ्यावर जुने-नवे डाग. अक्का खाली बसली आणि थाळी फिरवून भाकरी त्याच्या हाताखाली सरकवली. रोजचंच काम असल्यासारखी.

मी विचारलं, "डोळ्यांना काय झालं?"

"दिखस चांगलं. पेपर वाचतस," अक्का म्हणाली. "पन डोया खाले उतरत नही. वर्ष व्हई गयं. फोटोमा जो आजार निंघना, त्या आजारनं लक्षण शे म्हने."

मी उभाच होतो. खुर्चीवर बसून माझ्या डोक्यावरून बघणारा साडू मला आठवला. आखाजीचा. ओट्यावरचा. वर्षभर मी त्या डोळ्यांचा राग राग केला होता.

त्याच्या समोरच्या भिंतीवर, बरोबर नजरेच्या रेषेत, ती फिल्म दोन खिळ्यांवर लावली होती. मागं पांढरा कागद. तो म्हणाला, शब्द चिकटून येत होते, "नाना, तू बारेकरी. आयुष्यभर पानी पाहं. डॉक्टर इंग्रजीमा सांगतस, पोरगा गोड करी सांगस. तू माले सांग."

मी फिल्मजवळ गेलो. पहिल्यांदाच ती जवळून पाहिली. खोटं का बोलू, फड ओळखू आला. मागचा भाग लाल-पिवळा, भरून वाहणारा. बाजू ठीक. आणि पुढं, कपाळाच्या मागं, दोन्हीकडं निळं. पाण्याविना राहिलेला तुकडा मी लांबून असाच ओळखायचो. फरक एवढाच की शेतात तो पाटाच्या शेवटाला असतो.

"आठे पानी येई का?" त्यानं निळ्याकडं बोट करून विचारलं.

मी पाटावर कोणाला खोटी आशा दिली नाही. "तुझी पाळी परवा" म्हटलं की ती परवाच. म्हटलं, "नही."

"डॉक्टर बी हाईच सांगस." मी उभा होतो म्हणून माझा खिसा त्याच्या नजरेत आला असावा. "खिसामा काय शे?"

"फोटोनी चिठ्ठी. माले बी काढाना शे."

तो हसला. चेहरा हलला नाही, नुसता आवाज आला. अक्का मात्र माझ्या हाताकडं बघत होती. "नाना, दिवाळीले तुमना हात चांगला व्हता. गोयी लेतस ना?"

मी हात मागं घेतला. दोघांना कळलं.

साडू म्हणाला, "मना फोटो तू लई जा. पाकीटसकट. तुन्ही गोयी काम करस, ती माले दे."

तो माझा हेवा करत होता. भाऊसाहेब, माझा. पस्तीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते शेवटी त्याच्या तोंडून आलं, आणि पहिल्या क्षणाला मला बरंसुद्धा वाटलं, ते मी लपवत नाही. मग अक्कानं माझी थाळी वाढली. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. भाकरी, वरण, कांदा, हिरवी मिरची, सगळं मला दिसत होतं.

घरी आलो. बायकोनं चौरंगावर थाळी मांडली. मी अर्धी भाकरी खाऊन उठलो आणि चुन्याची डबी तिच्यापुढं उपडी केली. चुन्यात बरबटलेल्या गोळ्या जमिनीवर घरंगळल्या. ती एकेक वेचायला लागली. "तुमनं डोकं फिरनं का?" म्हणाली. मग एवढंच म्हणाली की उद्यापासून तोंड उघडून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं आणि ओट्यावर बसून राहिलो. दोन-तीन तासांनी बोटं थोडी सैल पडली. पहिल्यासारखी नाही, पण पाऊल उठत होतं. मी चौरंग डोक्यावर घेतला आणि सडकेनं न जाता पाटाच्या काठानं बसथांब्याकडं निघालो. पंच देवळाच्या पायरीवर बसलेले असतात, ते मला ठाऊक होतं. सावकाश चाललो, पण थांबलो नाही. त्यातला एक ओरडला, "नाना, कोनाकडे सत्यनारायण शे?"

"साडूकडे."

"चाला. चालाले लागनात म्हनजे पाळीवर या."

धुळ्याला पोचलो तेव्हा अक्का चुलीशी होती. मी भाऊसाहेबापुढं चौरंग मांडला. पुरेना, त्याच्या नजरेला अजून खालीच. परसात चार विटा होत्या, त्या चारी पायांखाली घातल्या. एक पाय हलत होता. खिशातलं चिठ्ठीचं पाकीट चौघडी करून त्या पायाखाली सारलं. हलायचं थांबलं. मग थाळी वर ठेवली, थेट त्याच्या छातीशी.

"दिखस का?"

तो बराच वेळ बघत राहिला.

"दिखस. भाकर करपेल शे."

आतून अक्का म्हणाली, "वरीसभर करपेलच खाई राहिनात. आते दिखनी का?"

मी माझी थाळी खाली घेतली आणि जेवायला बसलो.